‘सेड’ची साक्ष

इंग्रजी वर्तमानपत्रात कधीही सापडेल असे एक वाक्य घेऊ : ‘द डॅम इज सेफ, ऑफिशियल्स सेड ऑन मंडे.’ धरण सुरक्षित आहे, असे अधिकाऱ्यांनी सोमवारी सांगितले. उदाहरण मी रचलेले आहे, पण या साच्याची वाक्ये रोज शेकड्यांनी छापली जातात. सकाळी चहाबरोबर हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात काय उरते? धरण सुरक्षित आहे, एवढेच. अधिकारी आणि सोमवार दुपारपर्यंत विसरले जातात.

आता वर्तमानपत्राने स्वतःच्या जबाबदारीवर नेमके काय सांगितले ते पाहू. सोमवारी काही अधिकारी असे बोलले, इतकेच त्याने सांगितले. धरणाच्या भिंतीला खरोखर तडा गेला असला, तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. अधिकारी बोलले का? बोलले. कधी? सोमवारी. वाक्य खरे. वाचकाने ‘धरण सुरक्षित’ ही बातमी घेतली, वर्तमानपत्राने ‘अधिकारी बोलले’ ही दिली, आणि या देण्याघेण्यातली तफावत ‘सेड’ या चार अक्षरी इंग्रजी क्रियापदात लपून राहिली.

बातमीत नेहमी दोन वेगळी सत्ये असतात. अमुक माणूस अमुक बोलला, हे एक. तो जे बोलला ते तसे आहे, हे दुसरे. ‘सेड’ फक्त पहिल्याची साक्ष देते. या प्रकरणात जे काही पुढे येईल, ते या दोन सत्यांमधल्या फटीविषयी आहे. त्या फटीत माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, अब्रू गेली आहे, आणि एकदा तर एका युद्धाची तयारीही तिथेच झाली.

आधी वाक्याची रचना पाहू. इंग्रजीत बोलणाऱ्याचे नाव आणि ‘सेड’ वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकतात, मध्ये येऊ शकतात किंवा स्वल्पविरामानंतर शेपटासारखे शेवटीही येऊ शकतात. बातमीला शेवटची जागा आवडते, कारण महत्त्वाची गोष्ट आधी सांगायची हा तिथला नियम. त्यामुळे दावा पुढे येतो, ठसठशीत, आणि तो कुणी केला हे मागून येते. बोलणाऱ्याचे पद लांबलचक असेल तर क्रम उलटा होतो, ‘सेड’ आधी आणि मग नाव, पद, खाते, समिती. अमेरिकी वृत्तसंस्था ‘ऑन मंडे’मधला ‘ऑन’ही गाळतात, नुसते ‘सेड मंडे’ लिहितात. ब्रिटिश वळणाच्या आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो ‘ऑन’ अजून टिकून आहे.

मथळ्यात जागा कमी, म्हणून तिथे ‘सेड’चे ‘सेज’ होते, म्हणजे वर्तमानकाळ. तेही मावत नसेल तर क्रियापद जाते आणि विरामचिन्ह उरते. अमेरिकी मथळा ‘पोलीस’ हा शब्द आधी लिहून त्यापुढे अपूर्णविराम देतो आणि मग दावा लिहितो. भारतीय इंग्रजी मथळा दावा आधी लिहितो आणि अपूर्णविरामानंतर ‘पोलीस’ किंवा ‘मिनिस्टर’. बीबीसीच्या मथळ्यात अनेकदा दाव्याचे दोन-तीन शब्द एकेरी अवतरणचिन्हांत ठेवलेले दिसतात. ती चिन्हे म्हणजेच ‘हे आमचे म्हणणे नाही’ अशी सूचना. आपल्यापैकी किती वाचक त्या दोन बारीक चिन्हांकडे तशा नजरेने पाहतात? मला वाटते, फार थोडे.

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ आठवत असेल. रेन अँड मार्टिनचे व्याकरण समोर, आणि ‘सेड टू’ दिसले की त्याचे ‘टोल्ड’ करायचे, प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’ किंवा ‘इन्क्वायर्ड’, ‘हुर्रे’ असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’, ‘अलास’ असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’. ‘सेड’ तसेच ठेवले तर गुण जायचे. शाळेने आपल्याला ‘सेड’पासून दूर जायला शिकवले. इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर याच्या बरोबर उलटे शिक्षण मिळते. नव्या बातमीदाराने हौसेने लिहिलेले ‘एक्सक्लेम्ड’, ‘डिक्लेअर्ड’, ‘अॅव्हर्ड’ उपसंपादक खोडतो आणि तिथे ‘सेड’ लिहितो. तीच बातमी, पाच परिच्छेद, आठ वेळा ‘सेड’. कंटाळवाणे वाटते का? लिहिणाऱ्याला वाटते. वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरकून जाते, आणि तेच हवे असते.

हा आग्रह शैलीचा कमी आणि न्यायाचा जास्त आहे. ‘सेड’च्या जागी दुसरे क्रियापद ठेवले की लिहिणारा स्वतः बोलू लागतो. एकाच बोलण्याला ‘क्लेम्ड’ लावले की बोलणाऱ्यावर संशय येतो. ‘पॉइंटेड आउट’ लावले की त्याचे म्हणणे खरे असल्याची हमी वर्तमानपत्र देते, कारण जे आहेच तेच निदर्शनास आणता येते. ‘रिव्हील्ड’मध्येही तेच : गुपित होते, ते खरे होते, आता उघड झाले. ‘अॅडमिटेड’मध्ये हमीबरोबर गुन्हाही येतो. ‘आमच्या कंपनीत चारशे लोक आहेत’ असे संचालक म्हणाले तर ती माहिती. त्यांनी ते ‘कबूल केले’ असे लिहिले की चारशे लोक असण्यातच काहीतरी काळेबेरे आहे असे वाटू लागते. ‘रिफ्यूट’ आणि ‘डिनाय’ यांची गल्लत तर इंग्रजी पत्रकारांकडूनही सर्रास होते. पहिल्याचा मूळ अर्थ पुरावे देऊन खोडून काढणे, दुसऱ्याचा नुसते नाकारणे. मंत्र्याने आरोप नुसता नाकारला आणि बातमीत ‘रिफ्यूटेड’ आले, तर मंत्र्याला फुकटात निर्दोषत्व मिळाले.

भाषाशास्त्रात याचा चांगला अभ्यास आहे. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ‘फॅक्ट’ या निबंधात अशी क्रियापदे वेगळी काढली, जी आपल्यामागे येणारे विधान खरे आहे असे गृहीत धरूनच वापरली जातात. ती ओळखायची खूण सोपी आहे : वाक्य नकारार्थी करून पाहायचे. ‘पैसे घेतल्याचे त्यांनी कबूल केले नाही.’ नकार आला, तरी पैसे घेतलेच असणार असे वाचणाऱ्याला वाटत राहते. ‘पैसे घेतले असे ते म्हणाले नाहीत.’ इथे पैसे घेतले की नाही, काहीच कळत नाही. ‘सेड’ या दुसऱ्या गटातले.

साप्ताहिकांना हा संयम नेहमी जमला नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन मेरिल यांनी 1965 साली ‘टाइम’ साप्ताहिकावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रुमन, आयझेनहॉवर आणि केनेडी या तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळातले दहा-दहा अंक त्यांनी घेतले आणि बारकाईने तपासले. तपासण्याच्या गोष्टींत एक होती, राष्ट्राध्यक्ष ‘बोलले’ हे कसे लिहिले आहे. ट्रुमन यांचे बोलणे तुसडे, चिडके करून मांडलेले आढळले. आयझेनहॉवर यांचे प्रसन्न, हसतमुख. केनेडी यांच्याबाबत पारडे बरेचसे समतोल. ही रंगरंगोटी क्रियापदांत आणि त्यांना चिकटलेल्या क्रियाविशेषणांत होती. अशा ठिकाणी खोटे पकडता येत नाही, कारण उद्गार अस्सल असतो. बदललेले असते ते उद्गाराच्या शेजारचे एकच पद.

मग काय, नेहमी ‘सेड’ लिहावे आणि निश्चिंत व्हावे? इथेच खरी अडचण सुरू होते.

9 फेब्रुवारी 1950. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या व्हीलिंग गावी रिपब्लिकन पक्षाच्या महिला मंडळापुढे जोसेफ मॅकार्थी नावाच्या, तोवर फारशा कुणाला माहीत नसलेल्या सिनेटरचे भाषण झाले. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट बसले आहेत आणि माझ्याकडे त्यांची यादी आहे, असा त्यांचा आरोप. गावच्या ‘इंटेलिजेन्सर’ दैनिकाने आकडा छापला : 205. असोसिएटेड प्रेसने लहानशी बातमी तारेने देशभर पाठवली. पुढे सॉल्ट लेक सिटीत आकडा 57 झाला. 20 फेब्रुवारीला सिनेटमध्ये 81. यादी कुणालाच दाखवली गेली नाही.

वर्तमानपत्रांनी काय केले? ‘मॅकार्थी सेड’ असे लिहून प्रत्येक आकडा छापला. नियमाला धरूनच छापला. सिनेटर बोलले हे खरे होते, आणि सिनेटरचे बोलणे ही बातमी होती. ते खरे आहे का हे तपासणे बातमीच्या त्या साच्यात बसत नव्हते. तपासून खोटे आढळले तरी बातमीदाराला ते स्वतःच्या तोंडाने लिहिता येत नव्हते, दुसऱ्या कुणीतरी तसे ‘म्हणावे’ लागत होते. मॅकार्थी यांना ही व्यवस्था पाठ होती. वर्तमानपत्रांच्या छपाईच्या वेळा त्यांना माहीत होत्या. नवा आरोप ते अशा वेळी सोडत की उत्तर मिळवायला वेळच उरू नये. आरोप आज पहिल्या पानावर, खुलासा उद्या आतल्या पानावर. ज्याच्यावर आरोप झाला त्याची नोकरी या दोन पानांमधल्या अंतरात जात असे.

या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. पुढे वाद झाला तेव्हा ‘मी 205 म्हणालोच नव्हतो’ असे मॅकार्थी सांगू लागले. व्हीलिंगच्या रेडिओ केंद्राने भाषण ध्वनिमुद्रित केले होते, पण ती फीत पुसून टाकलेली होती. बातमीदाराच्या हाती भाषणाचा आधी दिलेला मसुदा होता. म्हणजे आरोप खरा होता का हा प्रश्न बाजूलाच राहिला; ते बोलले होते का, इथपासून सुरुवात. ‘सेड’ ज्या एका सत्याची साक्ष देते, तेही पक्के करायला कागद किंवा फीत लागते, हे त्या दिवसांत अमेरिकी बातमीदार नीट शिकले. त्याच वर्षी जुलैमध्ये सिनेटच्या टायडिंग्ज समितीने हे आरोप बनावट ठरवले. तरी मॅकार्थी यांचा दबदबा आणखी चार वर्षे टिकला. डिसेंबर 1954 मध्ये सिनेटने 67 विरुद्ध 22 मतांनी त्यांचा निषेध केला, तेव्हा तो संपला.

याच्या अगदी उलट घटना 1972 ची. वॉटरगेट प्रकरणात ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टाइन एकामागून एक बातम्या देत होते. 25 ऑक्टोबरला त्यांनी लिहिले की, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचार निधीचे माजी खजिनदार ह्यू स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली, आणि गुप्त निधीवर राष्ट्राध्यक्षांचे उजवे हात हॅल्डमन यांचे नियंत्रण होते असे सांगितले. त्याच दिवशी डाव फिरला. स्लोन यांच्या वकिलाने जाहीर केले, आमच्या अशिलाने ग्रँड ज्युरीपुढे असे काही सांगितलेले नाही. व्हाइट हाउसने वर्तमानपत्रावर तोंडसुख घेतले. ‘पोस्ट’च्या सगळ्या आधीच्या बातम्यांवर संशय आला.

मग कळले ते असे : निधीवर हॅल्डमन यांचे नियंत्रण होते, ही गोष्ट खरी होती. स्लोन यांना ती माहीतही होती. पण ग्रँड ज्युरीने त्यांना तो प्रश्नच विचारला नाही, म्हणून ते तिथे तसे बोलले नाहीत. मॅकार्थींच्या वेळी ‘सेड’ खरे आणि सांगितलेले खोटे. इथे सांगितलेले खरे आणि ‘सेड’ खोटे. आणि ‘सेड’ खोटे निघाल्याबरोबर खरी गोष्टही काही काळ बुडाली. म्हणून पहिले सत्य दुय्यम आहे असे मी म्हणणार नाही. कोण, कुठे, कुणापुढे बोलले ही माहिती बातमीचा पाया असते, आणि पाया चुकला की वरचे सारे डळमळते.

तिसरी घटना सर्वांत महाग पडली. 8 सप्टेंबर 2002, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ज्युडिथ मिलर आणि मायकेल गॉर्डन यांची बातमी. मथळ्याची सुरुवात ‘यू. एस. सेज’, म्हणजे अमेरिकेचे म्हणणे असे की, सद्दाम हुसेन अणुबाँबचे भाग मिळवण्याच्या मागे जोरात लागला आहे. विशिष्ट प्रकारच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या इराक मागवतो आहे आणि त्या युरेनियम समृद्ध करण्याच्या यंत्रांसाठी आहेत, असे सरकारी अधिकाऱ्यांचे, नाव न सांगता केलेले प्रतिपादन. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत आले आणि त्यांनी नळ्यांसाठी आधार दिला तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा. सरकारने वर्तमानपत्राला सांगितले, वर्तमानपत्राने ‘सरकार म्हणते’ असे छापले, आणि सरकारने ‘वर्तमानपत्रात आले आहे’ असे म्हटले. एका विधानाने एक फेरी पूर्ण केली आणि फेरीअंती त्याला पुरावा म्हणून मान मिळाला.

त्या नळ्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात असे अमेरिकी सरकारातल्याच काही तज्ज्ञांचे मत होते. मार्च 2003 मध्ये युद्ध सुरू झाले. अण्वस्त्रांचा चालू कार्यक्रम इराकमध्ये सापडला नाही. 26 मे 2004 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी वाचकांसाठी निवेदन छापले, आणि आपण पुरेसे खोलात गेलो नाही हे मान्य केले. मथळ्यातले ‘सेज’ मात्र व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते. अमेरिकी सरकार तसे म्हणत होते, यात खोट काढता येत नाही.

असे अनुभव गाठीशी असलेल्या इंग्रजी पत्रकारितेने ‘सेड’ला आधार द्यायला सुरुवात केली. आता ‘सेड’ बहुधा एकटे येत नाही. ‘सेड इन अ स्टेटमेंट’ म्हणजे कागद हाती दिला, प्रश्न विचारता आले नाहीत. ‘टोल्ड रिपोर्टर्स’ म्हणजे समोर बातमीदारांचा घोळका होता. ‘टोल्ड’पुढे त्याच वर्तमानपत्राचे नाव असेल तर ते फक्त त्यांच्याशी बोलले. ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ असे लिहिले तर अट का घातली तेही लिहावे, असा असोसिएटेड प्रेसचा दंडक आहे. म्हणून ‘माध्यमांशी बोलण्याचा अधिकार नसल्यामुळे’ हे लांबट शेपूट वृत्तसंस्थांच्या बातम्यांत वारंवार दिसते. ‘डिड नॉट इमीजिएटली रिस्पॉन्ड’ म्हणजे विचारले होते, छपाईपर्यंत उत्तर आले नाही. ‘डिक्लाइन्ड टू कॉमेंट’ म्हणजे विचारणा पोहोचली आणि बोलायला नकार मिळाला. ही शेपटे वाचायची सवय लागली की बातमीचा कस कळू लागतो. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतला मोठा मजकूर पीटीआयसारख्या वृत्तसंस्थांकडून येतो आणि तिथेही हीच भाषा चालते, त्यामुळे हे वाचन मुंबई-पुण्यातल्या वाचकालाही उपयोगी पडते.

गेल्या काही वर्षांत ‘विदाउट एव्हिडन्स’ आणि ‘फॉल्सली’ हे शब्द ‘सेड’ आणि ‘क्लेम्ड’च्या शेजारी येऊन बसले. पुरावा न देता म्हणाले, चुकीचे म्हणाले. जानेवारी 2017 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डोनाल्ड ट्रम्प यांच्या एका दाव्याबद्दल मथळ्यातच ‘लाय’ हा शब्द वापरला आणि वाद पेटला. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे तेव्हाचे संपादक जेरार्ड बेकर यांनी त्या महिन्याच्या सुरुवातीलाच हा शब्द जपून वापरायची भूमिका मांडली होती : खोटे बोलणे यात फसवण्याचा हेतू येतो, आणि मनातला हेतू बातमीदाराला कसा कळणार? मला यातली बाजू निवडायची असेल, तर मी ‘विधान चुकीचे आहे’ एवढे ठामपणे लिहीन आणि ते चुकीचे का, हे त्याच वाक्यात सांगेन. हेतू वाचक ठरवील. पण नुसते ‘सेड’ लिहून हात झटकणे आता कुणालाच शोभणारे नाही.

कायद्याने तर हात झटकता येतच नाहीत. ‘आम्ही फक्त ते काय म्हणाले तेवढे छापले’ हा बचाव इंग्लंडच्या न्यायालयांनी फार पूर्वी नाकारला. दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा सांगणारा स्वतः बदनामी करतो, हे तिथले तत्त्व. आपल्याकडेही बदनामीच्या गुन्ह्यात जो करतो तो आणि जो प्रसिद्ध करतो तो, दोघे येतात. पूर्वी हे भारतीय दंडविधानाच्या कलम 499 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. सवलत आहे ती काही जागांपुरती. संसदेतल्या भाषणांचे मोठ्या प्रमाणात अचूक आणि द्वेषबुद्धीविना केलेले वार्तांकन सुरक्षित राहावे म्हणून फिरोज गांधी यांनी मांडलेल्या विधेयकाचा 1956 साली कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द केला गेला. 1977 मध्ये परत आला, आणि 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 361-अ घालून त्याला राज्यघटनेचा आधार दिला. सभागृहात ‘सेड’ आणि सभागृहाबाहेर ‘सेड’ यांची किंमत म्हणूनच वेगळी आहे. खासदार तेच वाक्य आत बोलला आणि पायऱ्यांवर येऊन पुन्हा बोलला, तर छापणाऱ्याला या कायद्याचे संरक्षण फक्त पहिल्यासाठी मिळते.

संसदेच्या वार्तांकनाची मागची कहाणीही इथे सांगितली पाहिजे. अठराव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटमधली भाषणे छापायला मनाई होती. ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पळवाट काढली : ती लिलिपुट या काल्पनिक देशाच्या सभागृहातली भाषणे म्हणून छापायची. 1740 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम एका गरजू तरुण लेखकाकडे होते, सॅम्युएल जॉन्सन. सभागृहाच्या गॅलरीत तो जवळपास गेलाच नाही. कोण बोलले आणि साधारण कोणत्या बाजूने, एवढे टिपण हाती यायचे. बाकीचे भाषण तो खोलीत बसून रचायचा. लोक ती भाषणे खरी मानू लागले आहेत हे लक्षात आल्यावर त्याने ते काम थांबवले. पुढे कोशकार म्हणून थोर झालेल्या जॉन्सनसमोर एका भोजनाला संसदपटू पिट यांच्या भाषणाची स्तुती सुरू झाली, तेव्हा ते आपणच एका माळ्यावर बसून लिहिले होते, हे त्याने सांगून टाकले. जे बोललेच गेले नाही ते बोलले म्हणून छापले जाऊ शकते, आणि छान लिहिले असेल तर टिकतेही.

आता मराठीकडे. मराठी वृत्तपत्रांचे इंग्रजीशी नाते जन्मापासूनचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले तेच मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही भाषांतून. आजही इंग्रजी वृत्तसंस्थेची कॉपी समोर ठेवून मराठी बातमी करणे हे डेस्कवरचे रोजचे काम आहे. पण मराठी वाक्याची ठेवण वेगळी. ‘मंत्री म्हणाले, की...’ असे सुरू केले तर बोलणारा आधी कळतो. ‘...असे मंत्र्यांनी सांगितले’ असे संपवले तर पूर्ण दावा वाचून होईपर्यंत तो कुणाचा हे कळतच नाही, आणि वाक्य पाच ओळींचे असेल तर शेवटच्या ‘असे’पर्यंत वाचक पोहोचेलच याची खात्री नाही. आपल्याकडे ऐकीव गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे, ‘म्हणे’. ‘पूल बंद आहे म्हणे.’ ऐकले आहे, पाहिलेले नाही, हमी देत नाही, हे सगळे दोन अक्षरांत. बातमीत तो चालत नाही, कारण त्याला अविश्वासाचा वास येतो. त्याच्या जागी ‘समजते’, ‘कळते’, ‘सूत्रांनी सांगितले’ येतात, ज्यांच्यात कोण बोलले तेच नाहीसे होते.

‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ हेही एक नव्हेत. म्हणणे मत असू शकते. सांगण्यात माहिती दिल्याचा सूर असतो, ऐकणारा असतो, आणि खरेपणाकडे थोडा कल असतो. इंग्रजी कॉपीतले एकच ‘सेड’ मराठीत येताना यातले कोणते होणार, हे उपसंपादकाच्या हातात असते. आणि तो दोन्ही सोडून तिसराच शब्द घेतो, तेव्हा माझे मन खट्टू होते. ‘स्पष्ट केले’, मग ते कितीही गोलमाल बोललेले असो. राजकीय बातमी असेल तर ‘टोला लगावला’, ‘सुनावले’, ‘ठणकावले’, ‘घणाघात केला’, ‘तोफ डागली’. वाचकाला नेता काय म्हणाला हे कळायच्या आधी तो कुस्ती जिंकला हे कळते. उद्या प्रतिस्पर्ध्याचे उत्तर येते, तेही ‘पलटवार’ म्हणून. दोघांच्या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहायला कुणाकडे जागा उरत नाही.

याहून गंभीर ती गुन्ह्याच्या बातमीतली ‘कबुली’. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, असे पोलिसांनी सांगितले.’ पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हा आपल्या कायद्याचा नियम 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 पासून चालत आला आहे, आणि आता तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. कोठडीत काय घडू शकते हे ओळखूनच तो केलेला आहे. न्यायालय ज्या कबुलीला दारात उभे करत नाही, ती आपण मथळ्यात छापतो. त्या वाक्यात दोन बोलणी आहेत, आरोपीचे आणि पोलिसांचे, आणि बातमीदाराने ऐकलेले फक्त दुसरे आहे. ‘आरोपीने कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा आहे’ असे लिहायला चार शब्दही जास्त लागत नाहीत.

आणि एक गोष्ट अशी, जी इंग्रजीत उद्भवतच नाही. ‘सेड’ला आदर नाही आणि अनादरही नाही. मिनिस्टर सेड, अॅक्यूज्ड सेड, क्रियापद तेच. मराठीत मंत्री ‘म्हणाले’ आणि आरोपी ‘म्हणाला’. ‘सांगितले’ लिहून क्रियापदातला भेद टाळता येतो, पण तो नावाशेजारी उभाच असतो : आमदार अमुक ‘यांनी’, आरोपी तमुक ‘याने’. खटला उभा राहिलेला नाही, दोषारोपपत्रही दाखल नाही, आणि व्याकरणाने शिक्षा सुनावलेली असते. कालपर्यंत त्याच वर्तमानपत्रात शिक्षक म्हणून ‘यांनी’ असलेला माणूस अटकेच्या दुसऱ्या दिवशी ‘याने’ होतो. तो निर्दोष सुटला आणि त्याची बातमी आलीच, तर तिथे पुन्हा ‘यांनी’ लिहिले जाते का, हे आपापल्या वर्तमानपत्रात ज्याने त्याने पाहावे.